डोळ्याचं प्रेशर किती हे सांगताना वेळही सांगा

पावसाळ्यात सांगलीत कुणी "आयर्विनला पाणी किती?" (म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी किती) असं विचारलं, की उत्तरात फुटांबरोबर वेळ येतेच. "सकाळी आठला छत्तीस होतं, आता अकराला साडेसदतीस." नुसता आकडा ऐकून कुणाचं समाधान होत नाही, कारण पाणी चढतंय की उतरतंय हे त्यातून कळत नाही. डोळ्याच्या प्रेशरचा आकडा मात्र हीच माणसं वर्षानुवर्षं वेळेशिवाय सांगतात. "माझं सतरा आहे, नॉर्मल आहे." पण हे सतरा किती वाजताचं? शेवटचा ड्रॉप घालून किती तास झाले होते? फाईलमध्ये त्याची नोंद नसते.

मी सांगलीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते आणि डोळ्याचं प्रेशर मोजणं हे माझं रोजचं काम आहे. आमच्याकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा अशा लांबच्या तालुक्यांतून पेशंट येतात. सकाळची एस.टी. धरायची, साडेदहा-अकराला पोहोचायचं, केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत बारा वाजतात. तीन महिन्यांनी पुन्हा तीच एस.टी. आणि तेच बारा. अशा माणसाच्या फाईलमध्ये पाच वर्षांचे आकडे असले तरी ते सगळे एकाच वेळेचे असतात, आणि बहुतेकांचं प्रेशर त्या वेळेपर्यंत सकाळच्या उंचीवरून खाली आलेलं असतं. कागदावर सगळं ठीक दिसतं आणि तरी काचबिंदूने, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होऊन, बाजूची नजर कमी होत जाते.

हे टाळायला मोठा खर्च लागत नाही, थोडी शिस्त लागते. काचबिंदू असलेल्या, काचबिंदूचा संशय सांगितलेल्या आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी ती शिस्त इथे क्रमाने लिहिते. औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचंच काम आहे. त्यांना योग्य निर्णय घेता यावा इतकी माहिती त्यांच्यापुढे ठेवणं हे आपलं काम.

प्रेशर दिवसभर का हलतं

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक पातळ द्रव सतत तयार होतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही, तो डोळ्याच्या आतच असतो. दिवसा मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर एवढा तो तयार होतो आणि कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) व बुबुळ (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर पडून शेवटी रक्तात मिसळतो. आवक आणि विसर्ग यांचा मेळ जिथे बसतो ते डोळ्याचं प्रेशर. ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि सर्वसाधारणपणे १० ते २१ ही नेहमीची मर्यादा धरतात.

निरोगी डोळ्यातही हा आकडा दिवसभरात ३ ते ६ मिलिमीटर खालीवर होतो. काचबिंदूवर उपचार चालू नसतील तर हाच फरक १० किंवा त्याहून जास्त असू शकतो. म्हणजे सकाळी २६ आणि दुपारी १६, तोच डोळा, तोच दिवस.

रात्री झोपेत द्रव तयार होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. त्यामुळे रात्री प्रेशर उतरायला हवं असं कुणालाही वाटेल. पण आपण आडवे होतो तेव्हा डोळ्याभोवतीच्या शिरांमधला दाब वाढतो आणि विसर्गाला अडथळा येतो. आवक कमी झाली तरी निचरा त्याहून जास्त अडला, म्हणून बहुतेकांचं प्रेशर रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे चढलेलं असतं. अमेरिकेत सॅन डिएगो इथे जॉन लिऊ आणि रॉबर्ट वाइनरेब यांनी निरोगी तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत २४ तास ठेवून दर दोन तासांनी प्रेशर मोजलं आणि १९९८ साली ही रात्रीची वाढ मांडली. तोपर्यंत बरीचशी मोजमापं जाग्या, बसलेल्या माणसाची, दवाखान्याच्या वेळेतली होती.

सगळ्यांचाच डोळा पहाटे चढतो असंही नाही. काहींचं प्रेशर दुपारी चढतं, काहींचं संध्याकाळी. त्याच माणसाचा वेळापत्रकातला चढउतारही रोज तंतोतंत सारखा नसतो. आपला चढ कधीचा हे मोजल्याशिवाय कळत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. हातावर पट्टा बांधून मोजतात ते ब्लड प्रेशर वेगळं. बीपी नॉर्मल आहे म्हणून डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, असं होत नाही. पापणीवर बोट दाबून डोळा टणक लागतो का हे घरी बघण्यालाही अर्थ नाही. प्रेशर फारच वाढलं तर अनुभवी हाताला ते कळू शकतं, पण १७ आणि २५ मधला फरक बोटाला कळत नाही. दुखण्यावरूनही अंदाज येत नाही. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात २५ काय, २८ असलं तरी माणसाला काही जाणवत नाही. डोळा पांढरा स्वच्छ असतो आणि समोरचं वाचताही येतं.

पहिली पायरी: जुने कागद काढा, वही करा

कपाटातल्या पिशवीतले सगळे केसपेपर बाहेर काढा. त्यात आयओपी किंवा टेन्शन असं लिहिलेलं असतं, त्यापुढचे आकडे शोधा. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. आकड्यापुढे एनसीटी असेल तर हवेच्या मशीनने मोजलंय, एटी किंवा जीएटी असेल तर अ‍ॅप्लनेशनने. जुन्या कागदांवर वेळ बहुधा सापडणार नाही. कितीला घरून निघत होतात यावरून अंदाज करा आणि शेजारी "अंदाजे" असं लिहा.

यापुढच्या प्रत्येक तपासणीला पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, दोन्ही डोळ्यांचे आकडे, मशीन कोणतं, आणि शेवटचा ड्रॉप कधी घातला. शाळेची शंभर पानी वही पुरते. नोंद साधारण अशी दिसेल:

१२ मार्च, सकाळी ८.१०, उजवा २३, डावा १९, अ‍ॅप्लनेशन, आदल्या रात्री ९.३० ला ड्रॉप.
१२ मार्च, दुपारी १२.१५, उजवा १७, डावा १६, अ‍ॅप्लनेशन.

पहिली ओळ नसती तर दुसऱ्या ओळीवरून सगळं आलबेल वाटलं असतं. प्रेशर मोजणाऱ्याला "आकडा किती आणि वेळ काय, तेवढं लिहून द्या" असं सांगायला संकोच करू नका. आम्हाला त्याला पाच सेकंद लागतात. मोबाईलमध्येही लिहिता येईल, पण फोन बदलला, नातवाने काही पुसलं, की नोंदी जातात. वही तपासणीला बरोबर नेता येते आणि डॉक्टर बदलले तरी ती तुमच्याजवळच राहते.

दुसरी पायरी: आकडा कोणत्या मशीनचा ते समजून घ्या

हवेचा झोत डोळ्यावर सोडून मोजणारं मशीन बऱ्याच ठिकाणी असतं. ते झटपट आहे, डोळ्याला काही लागत नाही, शिबिरांत सोयीचं पडतं. काचबिंदूच्या पेशंटला मात्र शक्य तेव्हा अ‍ॅप्लनेशन टोनोमीटरने मोजून घ्यावं. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात आणलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

त्यात आधी डोळा बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालतात. मग निळ्या उजेडात एक छोटा चपटा शंकू कॉर्नियाला अलगद टेकवतात. मला सूक्ष्मदर्शकातून दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. चक्र फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या, की चक्रावर जे दिसतं त्याला दहाने गुणायचं, म्हणजे १.८ असेल तर १८. ती अर्धवर्तुळं स्थिर कधीच नसतात. नाडीबरोबर ती मिटत-उघडत राहतात, कारण प्रत्येक ठोक्याला डोळ्यात रक्त येतं आणि प्रेशर दोन-तीन मिलिमीटर हलतं. आम्ही त्या थरथरण्याचा मध्य धरतो. दिवसाचा चढउतार तर नंतरची गोष्ट, हा आकडा ठोक्याठोक्यालाही हलता असतो. म्हणून एकदा १७ आणि एकदा १८ आलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कॉर्नियाची जाडीही आकड्यावर परिणाम करते. सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. त्याहून बरीच जाड असेल तर मशीन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी. चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन झालं असेल तर कॉर्निया पातळ होते आणि आकडा फसवा कमी येतो, त्यामुळे ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. जाडी मोजायच्या तपासणीला पॅकिमेट्री म्हणतात. ती सहसा एकदा करून ठेवली की पुरते, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तिसरी पायरी: मोजताना आकडा बिघडवू नका

शर्टाचं वरचं बटण उघडा, टाय असेल तर सैल करा. गळ्यावर दाब आला की डोक्याकडून परतणारं रक्त अडतं आणि प्रेशर वाढतं. जिना चढून धापा टाकत आला असाल तर दहा मिनिटं शांत बसा. मोजण्याआधी तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका. मशीन जवळ आलं की पुष्कळ जण श्वास रोखतात आणि डोळे घट्ट आवळतात, आणि मग आकडा खोटाच वर जातो. मी प्रत्येकाला सांगते, "काका, तोंड थोडं उघडा आणि श्वास चालू ठेवा." तोंड उघडं असलं की श्वास रोखला जात नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. तपासणीच्या दिवशी ड्रॉप आठवणीने घालायचा आणि बाकीचे दिवस चुकवायचा, असं खूप होतं. त्यामुळे दवाखान्यातला आकडा छान येतो आणि डॉक्टरांना वाटतं की औषध लागू पडतंय. नजर कमी होत राहिली तर ते औषध वाढवतात किंवा ऑपरेशनचा विचार करतात, आणि खरं कारण पुढे येतच नाही. आठवड्यात किती वेळा चुकला ते खरं सांगा. कुणी रागावलं तरी चालेल, पण सांगा.

चौथी पायरी: दिवसभराचं प्रेशर मोजून घ्या

याला दवाखान्यात डीव्हीटी म्हणतात, म्हणजे एकाच दिवशी ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा प्रेशर मोजणं. साधारणपणे सकाळी ८, ११, दुपारी २, संध्याकाळी ५ अशा वेळा असतात, जमलं तर रात्री ८ सुद्धा.

सगळ्यांना याची गरज नसते. पण तीन प्रसंगांत डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. पहिला, दवाखान्यातला आकडा चांगला असूनही फील्ड टेस्ट (बाजूची नजर मोजायची तपासणी) किंवा ओसीटी (नसेची जाडी मोजणारं स्कॅन) आधीपेक्षा खराब आली. दुसरा, नस खराब दिसतेय पण प्रेशर कधीच २१ च्या वर सापडलं नाही. तिसरा, वेगवेगळ्या तपासण्यांत आकडे विचित्र उड्या मारतायत. दुसऱ्या प्रसंगाबद्दल थोडं अधिक. २१ च्या आत प्रेशर असलं म्हणजे काचबिंदू नाही, असं मुळीच नाही. जपानमधल्या ताजिमी शहरात झालेल्या मोठ्या पाहणीत उघड्या कोनाच्या काचबिंदूचे (निचऱ्याचा कोपरा उघडा असतो तो नेहमीचा प्रकार) जे रुग्ण सापडले, त्यांपैकी ९२ टक्के लोकांचं प्रेशर मोजलं तेव्हा २१ किंवा त्याखालीच होतं. पण असं निदान पक्कं करण्याआधी प्रेशर दुसऱ्या कुठल्या वेळेला तर चढत नाही ना, हे बघावंच लागतं.

पलूस तालुक्यातल्या एका जुन्या पैलवानांचं उदाहरण देते. दर तीन महिन्यांनी यायचे, कायम दुपारी, आणि आकडा १६-१७ च्या पुढे कधी गेला नाही. उजव्या डोळ्याच्या फील्डमध्ये मात्र वरच्या बाजूचा काळा डाग प्रत्येक वेळी थोडा पसरलेला. डॉक्टरांनी त्यांना विश्रामबागेत पुतणीकडे मुक्काम करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठला बोलावलं. उजवा डोळा २५. अकरा वाजता १९, दुपारी १६. औषध बदललं, आणि पुढच्या काही तपासण्या मुद्दाम सकाळच्याच ठेवल्या.

लांबच्या माणसाने तयारी अशी करावी. सांगली-मिरजेत आदल्या रात्री नातेवाइकांकडे राहायची सोय होते का पाहा, कारण सकाळी आठचा आकडाच सर्वांत मोलाचा आणि तोच चुकतो. काही ठिकाणी त्या दिवसापुरतं दाखल करून घेतात, फोन करून विचारा. डबा, पाणी, नेहमीच्या गोळ्या बरोबर ठेवा. जेवण नेहमीसारखं घ्या, उपाशी राहू नका. ड्रॉप नेहमीच्या वेळीच घाला, "आज न घालता बघू" हे डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असेल तरच. दिवसभर मोजणारी व्यक्ती आणि मशीन शक्यतो एकच असावं. बधिर केलेला डोळा अर्धा तास तरी चोळू नका, कारण कॉर्नियाला ओरखडा गेला तरी कळत नाही. पिवळा रंग रुमालाला लागेल, तो धुतला की जातो.

अख्खा दिवस देणं जमत नसेल तर बिनखर्चाचा मार्ग आहे, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी तोच सर्वांत उपयोगी आहे. दर तपासणीची वेळ बदला. या वेळी सकाळचा पहिला नंबर, पुढच्या वेळी दुपारी चारचा, त्याच्या पुढे संध्याकाळचा. वर्षभरात चार तपासण्या होणारच असतात, तर त्यांतून दिवसाचे चार वेगवेगळे तुकडे का नकोत? नंबर लावताना काउंटरवर सांगा, "काचबिंदूचा पेशंट आहे, सकाळी पहिल्यांदा प्रेशर मोजायचंय." एकाच दिवसाच्या आलेखाची सर याला येत नाही, पण कायम बाराच्या आकड्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काही डॉक्टर पाणी पिण्याची चाचणी करतात. वजनाच्या प्रत्येक किलोला १० मिलिलिटर या हिशेबाने, किंवा सरळ लिटरभर पाणी, पाच-दहा मिनिटांत पाजतात आणि पुढचा तासभर दर पंधरा मिनिटांनी प्रेशर मोजतात. डोळ्याचा निचरा कमजोर असेल तर आकडा चांगलाच चढतो, आणि त्यावरून दिवसातला सर्वोच्च आकडा कुठवर जात असेल याचा अंदाज बांधता येतो. हृदयाचा, किडनीचा त्रास असलेल्यांसाठी हे नाही, आणि घरी करून बघायचं तर मुळीच नाही.

घरी मोजायची मशीनही आता आहेत. बारीक सळईचं टोक कॉर्नियाला हलकेच टेकून परत येतं, बधिर करायची गरज नसते. पहाटे अंथरुणात उठल्या उठल्या मोजता येतं हा त्यांचा मोठा फायदा. ती महाग असतात, म्हणून प्रत्येकाने विकत घ्यावी असं मी म्हणणार नाही.

पाचवी पायरी: ड्रॉपच्या वेळा घड्याळाशी बांधा

कुठलं औषध दिवसाच्या कोणत्या भागात काम करतं यात मोठा फरक आहे. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट ही निचरा वाढवणारी औषधं दिवसातून एकदा, बहुधा रात्री घालतात आणि त्यांचा परिणाम दिवसरात्र टिकतो. एकदाच सांगितलंय म्हणजे एकदाच. दोनदा घातलं तर जास्त गुण येईल असं वाटतं, पण लॅटानोप्रोस्टसारख्या औषधाचा परिणाम जास्त वेळा घातल्याने उलट कमी होतो. टिमोलॉल द्रव तयार होणं कमी करतं, पण झोपेत ते मुळातच कमी झालेलं असतं, त्यामुळे रात्री त्याचा उपयोग फारसा होत नाही. एकदाच द्यायचं असेल तर ते बहुधा सकाळी देतात. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉलबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, कारण डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो. ब्रिमोनिडिनचाही रात्री फारसा परिणाम दिसत नाही. डॉरझोलामाइडचा रात्रीही दिसतो, ते घातल्यावर तोंड कडू होतं एवढंच.

म्हणून पहाटे चढणारा डोळा असेल तर औषध निवडतानाच डॉक्टर त्याचा विचार करू शकतात, आणि तो चढ त्यांना तुमच्या वहीतून दिसेल. जाळीवर करायचं एसएलटी लेझर हाही पर्याय असतो. त्याचा परिणाम ड्रॉपच्या वेळा पाळण्यावर अवलंबून नसतो, म्हणून ज्यांचे ड्रॉप वारंवार चुकतात त्यांनी त्याबद्दल जरूर विचारावं.

ड्रॉप घालायची रीत थोडक्यात. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून झोळी करा, एकच थेंब टाका, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा आणि चार आठवड्यांनी टाकून द्या, आत औषध उरलं असलं तरी. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे घरातही भट्टी असते, तिथे उघडलेली बाटलीसुद्धा फ्रिजच्या दारात ठेवलेली बरी. मोटारसायकलच्या डिकीत ड्रॉप कधीच ठेवू नका.

सहावी पायरी: झोप

झोपेतला सहा-सात तासांचा काळ कुणीच मोजत नाही, आणि नेमका तेव्हाच बहुतेकांचा डोळा चढलेला असतो. पालथं झोपू नका. कुशीवर झोपलात तर खालच्या बाजूच्या डोळ्याचं प्रेशर थोडं जास्त राहतं, शिवाय उशी डोळ्यावर दाबली जाते. एकच डोळा जास्त खराब असेल तर तो डोळा खाली येईल अशा कुशीवर झोपायचं टाळा. डोक्याकडची बाजू थोडी उंच केली तर काही जणांचं प्रेशर एक-दोन मिलिमीटरने उतरतं. नुसत्या दोन उशांनी मान मुडपते, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या.

रात्री ब्लड प्रेशर आपोआप खाली येतं. डोळ्यातलं प्रेशर चढलेलं आणि बीपी उतरलेलं, अशा वेळी नसेला रक्त कमी पोहोचतं. बीपीची गोळी रात्री झोपताना घेत असाल तर हे डोळ्यांच्या आणि बीपीच्या अशा दोन्ही डॉक्टरांना सांगा. स्वतः वेळ बदलू नका, गोळी बंद तर अजिबात करू नका. जोरात घोरत असाल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

सातवी पायरी: दिवसा प्रेशर कशाने चढतं ते ओळखा

सर्वांत आधी स्टेरॉईड, कारण आपल्याकडे त्यानेच जास्त नुकसान होतं. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात काम करणाऱ्यांचे, द्राक्षबागेत गंधक आणि औषधं फवारणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, लाल होतात. मेडिकलमधून "लाल डोळ्याचा ड्रॉप" आणतात, दोन दिवसांत छान वाटतं, मग दर वेळी तोच. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. काहींच्या डोळ्यात त्याने निचऱ्याची जाळी अडते आणि काही आठवड्यांत प्रेशर चढतं, तेही न दुखता. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या लहान मुलांनाही असे ड्रॉप महिनोन्‌महिने घातले जातात, हे फार वाईट वाटतं. बाटलीवरचं नाव वाचा, आणि स्टेरॉईड असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घालू नका. दम्याचा पंप, त्वचेची मलमं, सांध्यातली इंजेक्शनं यांबद्दलही सांगा.

शीर्षासन. त्यात डोळ्याचं प्रेशर साधारण दुप्पट होतं. सर्वांगासन, हलासन अशा डोकं खाली असलेल्या आसनांतही ते वाढतं. काचबिंदू असेल तर ती सोडून बाकीचा योगाभ्यास करा.

तालमीत श्वास रोखून ओझं उचलताना आणि डोकं जमिनीला टेकून मानेवर पूल करताना डोळा चढतो. कुंडल, वाळवा भागात पन्नाशी-साठीतही जोर-बैठका चालू ठेवणारी माणसं आहेत आणि त्यांनी व्यायाम सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. श्वास मोकळा ठेवा, जड वजनं टाळा. सनई, तुतारी वाजवणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं, कारण जोर लावून फुंकतानाही प्रेशर वाढतं. पोहण्याचे घट्ट गॉगल डोळ्याभोवती दाबतात, ते मोठ्या कपाचे घ्या. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. चहा-कॉफीचा परिणाम किरकोळ असतो, एकदोन कपांची काळजी करू नका. वेगाने चालण्याने मात्र प्रेशर काही वेळ उतरतं. आमराईत सकाळी अर्धा तास चालणाऱ्यांनी ते चालूच ठेवावं.

संध्याकाळी डोळा दुखून दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर

हा प्रकार वेगळा आणि तातडीचा. काहींच्या डोळ्यात कॉर्निया आणि बुबुळामधला कोपरा, म्हणजे कोन, अरुंद असतो. तिन्हीसांजेला उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि बुबुळ त्या कोपऱ्यात दाटतं. निचरा एकदम बंद पडला तर काही तासांत प्रेशर ५० च्याही वर जाऊ शकतं. डोळा आणि कपाळ ठणकतं, नजर धुरकट होते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, उलट्या होतात. उलट्या आणि अर्धं डोकं, म्हणून घरचे पित्त समजतात, आलं-लिंबू देतात, अंधारात झोपवतात. अंधाराने त्रास आणखी वाढतो.

सौम्य झटके आपोआप उतरतात. संध्याकाळी तासभर कपाळ दुखतं, कडी दिसतात, झोपून उठलं की बरं. अशा माणसाचं प्रेशर दुसऱ्या दिवशी बाराला मोजलं तर अगदी नॉर्मल येतं. त्यामुळे डॉक्टरांना संध्याकाळचा त्रास नेमका सांगा आणि गोनिओस्कोपी, म्हणजे कोन बघायची तपासणी, करून घ्या. कोन अरुंद असेल तर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. दवाखान्यात बसूनच होतं ते. जोराचा झटका आला तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डोळ्यांच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलला न्या.

आपल्या डोळ्यासाठी किती हवं

२१ ही सर्वांसाठीची रेघ नाही. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट असली तरी नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट वस्तीत पाणी त्याआधीच शिरतं. तसं नस आधीच खराब झालेल्या डोळ्याला १८ सुद्धा जास्त ठरू शकतं. डॉक्टर प्रत्येक डोळ्यासाठी टार्गेट प्रेशर ठरवतात. ते किती ठरवलंय हे विचारा आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, उजव्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं. प्रेशर १ मिलिमीटरने कमी झालं तरी काचबिंदू वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो, असं स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे दोन मिलिमीटरसाठी औषध बदललं तर "एवढ्यासाठी कशाला" असं म्हणू नका.

नवीन ड्रॉप सुरू झाला की सहसा चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. ती तपासणी आधीच्या आकड्याच्याच वेळेला ठेवा, म्हणजे औषधाचा गुण आणि वेळेचा फरक यांची गल्लत होणार नाही. त्यानंतरच्या तपासण्या वेगवेगळ्या वेळेच्या. फील्ड टेस्ट डॉक्टर सांगतील तशी, पुष्कळांना वर्षातून एकदा-दोनदा. सख्ख्या भावाबहिणींना आणि चाळिशीपुढच्या मुलांना एकदा तपासून घ्या, कारण रक्ताच्या नात्यात काचबिंदूचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यांचा पहिला नंबर सकाळी आठ-साडेआठचा घ्या, आणि केसपेपरवर आकड्याशेजारी वेळ लिहून घेतल्याशिवाय उठू नका.